आधी सही, मग नाव, शेवटी कारण

कुंदाताई, भंतेजी, नंदनवनातल्या शेजाऱ्यांनो, आणि भिवापूरहून सकाळच्या एसटीनं उभ्यानं आलेल्या माझ्या मायबहिणींनो,

मागे जागा नाही. काही जण बाहेर उन्हात उभे आहेत. थोडं थोडं पुढे सरका, त्यांना आत येऊ द्या. हां. या, या इकडे.

माझ्याआधी तिघं बोलले. अनसूयाबाई कशा होत्या, त्यांनी किती बायांना अक्षरं शिकवली, हे सगळं त्यांनी सांगितलं. सगळं खरं आहे. कुंदाताई काल मला म्हणाल्या, काका, तुम्ही बोलायलाच पाहिजे, आईला तुम्ही जवळचे होते. रात्री कागदावर लिहून काढलं होतं. ते खिशातच राहू देतो. मी जन्मभर दुसऱ्याचं लिहिलेलं टाईप केलं. आज माझं मी बोलतो. मध्ये थांबलो तर थोडं थांबून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. माझं नाव वसंत ढोमणे. मी एका सरकारी कचेरीत स्टेनो होतो. कोणती कचेरी, कोण साहेब, ते सांगत नाही. साहेब आता या जगात नाहीत, आणि मला कुणाच्या अंगावर काही ढकलायचं नाही. मी आज माझ्यापुरतं बोलायला उभा आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांना मी वेगळाच माहीत आहे. दर रविवारी इथं, याच विहारात, बायांच्या वर्गात घटनेची कलमं वाचून दाखवणारा म्हातारा. तुम्ही मला गुरुजी म्हणता. मी गुरुजी नाही. मी इथं कसा आलो, ते अनसूयाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. आज मी सांगतो.

अनसूयाबाई गजभिये मूळच्या भिवापूरच्या. छप्पन साली आईबापांबरोबर, पांढरं लुगडं नेसून, इथं नागपुरात दीक्षा घेणाऱ्या त्या गर्दीत त्या होत्या. लग्न झालं लहानूजी गजभियेंशी. दोघंही मिरचीच्या सातऱ्यावर. सातरा म्हणजे काय, हे भिवापूरच्या बायांना सांगायला नको, पण इथल्या पोरांना सांगतो. मोठं उघडं अंगण. मिरचीचे ढीगच्या ढीग. शेकडो बाया ओळीनं बसून देठ तोडतात. दिवसभर. हात पेटतात, डोळे पेटतात, पोराला पाजायला घ्यावं तर पोर रडतं, कारण आईच्या हाताला मिरची. लहानूजी तिथं पोती उचलायचे. शिकलेले चौथी. पण वाचायचा नाद भारी. त्यांनीच अनसूयाबाईंना अक्षर शिकवलं. पाटी नव्हती. मिरची वाळवलेल्या जमिनीवर बोटानं.

त्यांनी बायकोला आधी नाव लिहायला शिकवलं आणि मग घटना वाचायला लावली. हसू नका. खरंच. लहानूजी म्हणायचे, आणि अनसूयाबाई ते तशाच्या तसं मला पुढं सांगायच्या: "कायदा करनारे येगळे, चालवनारे येगळे, अन् तपासनारे येगळे. तिघंबी एकमेकांवर नजर ठेवून राहतात, म्हनून गरीब मानूस मधातून सुटते. तिघं एका खाटेवर बसले, तं समजून घे, आपन गेलो."

आणीबाणी लागली त्या सालचा उन्हाळा. भिवापूरच्या एका सातऱ्यावर बायांनी मागणी केली. मागणी काय होती? डोक्यावर छप्पर. प्यायला पाण्याचा रांजण. आणि पोराला पाजायला जाण्याआधी हात धुवायला वेगळं पाणी. एवढंच. मालक ऐकेना. लहानूजींनी बायांना फाटकासमोर बसवलं. चार दिवस बसल्या. दगड नाही, शिवी नाही. पाचव्या दिवशी रांजण आला. छप्पर आलं नाही, पण रांजण आला. पुढच्या महिन्यात आणीबाणी लागली.

आता माझं सांगतो.

ऑगस्टातली दुपार होती. साहेब दौऱ्यावर निघाले होते, जीप खाली सुरू. त्या दिवसांत मिसाचे आदेश निघत होते. मिसा म्हणजे, माणसानं काही केलं म्हणून त्याला धरायचं नाही, तो काही करील म्हणून धरायचं. त्याचे सायक्लोस्टाईल केलेले इंग्रजी नमुने आमच्याकडे असायचे. त्यात छापलेलं असे: अमुक अमुक इसमाबद्दल माझी खात्री पटली आहे की त्याला स्थानबद्ध करणं आवश्यक आहे. 'अमुक अमुक'च्या जागी रेघ. साहेब म्हणाले, "ढोमणे, मी तीन दिवस नाही. काही अर्जंट आलं तर खोळंबायला नको." आणि त्यांनी उभ्या उभ्या पाच कोऱ्या नमुन्यांवर सह्या केल्या. मी शाई वाळावी म्हणून टिपकागद दाबला. जीप गेली.

तासाभरात पोलिसांकडून फोन आला. अधिकारी म्हणाले, "एक नाव लिहून घ्या. लहानू गजभिये, राहणार भिवापूर. मजुरांना भडकवतो." मी विचारलं, "साहेब, रिपोर्ट?" ते म्हणाले, "येईल की मागून. माणूस तर आज उचलायचा आहे."

मी रेघेवर नाव टाईप केलं.

मायबहिणींनो, जरा लक्ष द्या. खात्री कुणाची पटली होती? साहेबांची? साहेबांनी तर ते नावही ऐकलेलं नव्हतं. तेव्हा ते जीपमध्ये उमरेडच्या पुढं कुठंतरी होते. आधी सही झाली. मग नाव आलं. कारण तर आलंच नव्हतं. ते दोन दिवसांनी आलं. पोलिसांचा दीड पानाचा रिपोर्ट. त्यात रांजणाचा उल्लेख नव्हता. 'उत्पादनात अडथळा' असं लिहिलं होतं. आवक रजिस्टरात त्याची नोंद मीच केली, तारखेसकट. रजिस्टर बंद केलं. चहा प्यायलो. हो, चहा प्यायलो, ते मला आठवतं.

दहा-बारा दिवसांनी एक बाई कचेरीत आली. सावळी, काटक, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी. कुंदाताई, तुम्ही. तुमच्या हातात स्टीलचा डबा होता. जेलमध्ये आत घेतला नाही म्हणून परत आणलेला.

बाई माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबू, माह्या नवऱ्याले कोन्या गुन्ह्यात नेलं, थे कागदावर पायजे."

मी म्हटलं, "बाई, कारण सांगता येत नाही."

"काहून नाई? बाविसाव्या कलमात लिवलं हाये. धरलं तं कारन सांगाव लागते. चोवीस तासात मॅजिस्ट्रेटपुढं न्याव लागते. वकील करू द्याव लागते. मी वाचलं हाये."

अख्ख्या कचेरीत तेव्हा बाविसावं कलम तोंडपाठ असलेलं माणूस नव्हतं. बाजूचे बाबू हसायला लागले. मी हसलो नाही. पण मी काय केलं? मी तिला त्याच कलमाचा पुढचा भाग सांगितला. पहिले दोन भाग तिला पाठ होते. तिसरा मला पाठ होता. तिसरा म्हणतो की ज्याला प्रतिबंधक कायद्याखाली धरलं आहे, त्याला हे वरचं लागू नाही.

ती म्हणाली, "एका हातानं देलं अन् त्याच हातानं घेतलं?"

मी म्हटलं, "अगदीच असं नाही. पुढं आणखी भाग आहेत. कारण कळवायचं असतं, सल्लागार मंडळ असतं. पण सध्या आणीबाणी आहे. सध्या तेही बंद आहे."

"मंग आता कोन तपासते?"

मी म्हटलं, "दर चार महिन्यांनी सरकार फेरविचार करतं."

मी खोटं बोललो नव्हतो. सरकार करत होतं. फक्त फेरविचारासाठी सरकार अहवाल मागवायचं कुणाकडून? ज्या कचेरीनं धरलं तिच्याकडून. तो अहवाल टाईप कोण करायचं? मी. पहिल्या वेळी मी मजकूर तयार केला. दुसऱ्या वेळी त्याचीच नक्कल काढली आणि तारीख बदलली. धरणारा, तपासणारा, ठेवा म्हणणारा, सगळे माझ्या एका टाईपरायटरवर येऊन बसले होते. लहानूजी म्हणायचे ती खाट, ती माझं टेबल होतं.

त्यानंतर ती बाई दर आठवड्याला येत राहिली. सकाळी भिवापूरहून निघायची, दुपारी कचेरीत पोचायची. कधी इतवारीतल्या नात्यातल्या घरी मुलीला ठेवून एकटी यायची. बाहेरच्या बाकावर बसायची. मी तिला आत बोलावून पंख्याखाली खुर्ची द्यायला लागलो. माठातलं पाणी द्यायचो. जेलचा भेटीचा अर्ज कसा भरायचा ते दाखवायचो. बाकीचे बाबू तिला हाकलायचे. मी हाकलायचो नाही. मला तेव्हा वाटायचं, आपण बरे आहोत. आपण यांच्यासारखे नाही.

हिवाळ्यात तिनं हायकोर्टात अर्ज टाकला. एक वकीलसाहेब फी न घेता उभे राहिले. आणि हायकोर्टानं ऐकून घेतलं! म्हणालं, अटक योग्य की अयोग्य ते आम्ही पाहू शकत नसलो, तरी आदेश नियमानं निघाला की नाही, इतकं तरी पाहूच. साहेबांना शपथपत्र द्यावं लागलं. 'माझ्यासमोर आलेल्या कागदपत्रांवरून माझी खात्री पटली.' हे वाक्यही मीच टाईप केलं. साहेबांनी सही करताना माझ्याकडे पाहिलं नाही, मी साहेबांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाई आल्या. नेहमीसारख्या बसल्या नाहीत. टेबलावर दोन्ही हात टेकून हळू आवाजात म्हणाल्या, "बाबू, वकीलसाहेबानं एकच गोष्ट इचाराले सांगितली. आदेश कवा निघाला अन् पोलिसाचा रिपोर्ट कवा आला? आधी रिपोर्ट, का आधी आदेश? एवढं कळलं तं तो सुटते म्हनतात. तुमी चांगले मानूस हा. एवढंच सांगा."

रजिस्टर माझ्या उजव्या हाताला होतं. असं. इतक्या अंतरावर.

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तीन शब्द. मला माहीत नाही.

काहून म्हटलं? स्वतःला मी हे किती वेळा विचारलं असेल. मी भ्यालो होतो. आमच्या शेजारच्या शाखेतला एक कारकून कॅन्टीनमध्ये काहीतरी बोलला म्हणून आठ दिवसांत घरी बसला होता. माझं याच नंदनवनातल्या क्वार्टरसाठी यादीत नाव होतं. घरी दोन मुली. ही कारणं आहेत. खरी आहेत. पण मी ती तुमच्यापुढं सुटका म्हणून ठेवत नाही. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं, असंही म्हणत नाही. माझ्या जागी मी होतो.

सरकार दिल्लीला अपिलात गेलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या सर्वांत मोठ्या कोर्टानं निकाल दिला की आणीबाणी आहे तोवर अशा माणसाला कोर्टात दादच मागता येणार नाही. पाचांतल्या चौघा न्यायमूर्तींनी तसं म्हटलं. दार बंद झालं. आदेश आधी की रिपोर्ट आधी, आता कुणी विचारणारच नव्हतं.

अनसूयाबाई त्या आठवड्यातही आल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब रडून राहिले होते, बाबू. मी त्याईले म्हटलं, तुमी काहून रडता? मले एवढं सांगा, कोर्ट मंग कायच्यासाठी हाये? कायदा करनारे चूप, चालवनारे मनमानी, अन् तपासनारे म्हनतात आमी तपासत नाई. मंग मी जाऊ कुठं?" आणि पुढं म्हणाल्या, "पाचातल्या एकानं नाई म्हटलं म्हनतात. थो एक काय म्हने?"

मी सांगितलं, तो एक म्हणाला की जगण्याचा हक्क कुणी दान दिलेला नाही, तेव्हा तो असा काढूनही घेता येत नाही. साधारण असंच काहीतरी.

त्यांनी मान हलवली. "म्हनजे म्हननारा एक होता," म्हणाल्या. मला वाटलं माझ्याकडे बघूनच म्हणाल्या. तसं नव्हतं. त्यांना काही माहीतच नव्हतं.

लहानूजी एकोणीस महिने आत होते. आणीबाणी उठली तेव्हा सुटले. छाती मिरचीनं आधीच धरलेली, जेलमधून खोकला घेऊन आले. सातऱ्यावर कुणी परत घेतलं नाही. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत टिकले. मी अंत्ययात्रेला गेलो नाही. बातमी पेपरात चार ओळींची होती. मी ती कचेरीत वाचली आणि पेपर घडी घालून ठेवला. आणीबाणीतल्या गोष्टींची पुढं चौकशी झाली, लोकांना येऊन सांगा म्हणून बोलावलं. तिथंही मी गेलो नाही.

मला वाटलं, संपलं. आपल्या मनातलं आपल्याबरोबर जाईल.

काही वर्षांनी कुंदाताईंना शाळेत नोकरी लागली आणि त्यांनी खोली घेतली ती कुठं? नंदनवनात. माझ्या क्वार्टरच्या मागच्या गल्लीत. एका सकाळी मी नळावर बादली घेऊन गेलो आणि समोर अनसूयाबाई. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुमी कचेरीतले बाबू ना? ओळखलं नाई का मले?" आणि रांगेतल्या सगळ्या बायांना सांगितलं, "सगळे मले कुत्र्यासारखे हाकलत होते. या मानसानं मले खुर्ची देली होती. पानी देलं होतं."

शेजाऱ्यांनो, तुम्ही ते ऐकलं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी. त्या येईल त्याला सांगायच्या. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी भिवापूरहून मिरची आणली, स्वतः कुटून तिखटाचा डबा दिला. माझी बायको आनंदानं वापरायची. माझ्या घशाखाली ती भाजी उतरायची नाही. बायको म्हणायची, तिखट जास्त झालं का? मी म्हणायचो, हो.

वर्षभर असं काढलं. मग एका सकाळी त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी गेलो आणि उभ्यानंच सांगितलं. कोऱ्या सह्या, फोन, नाव, दोन दिवसांनी आलेला रिपोर्ट. रजिस्टर. आणि मला माहीत नाही.

त्यांचा हात सुपात तसाच राहिला. रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हनजे हायकोर्ट ऐकून राहिलं होतं तवा."

मी म्हटलं, "हो."

"तवा तुमाले माहीत होतं."

"हो."

"हे मले सांगून काय होते आता? जिथं सांगाचं होतं तिथं सांगाले पायजे होतं."

मी हात जोडले. माफ करा म्हटलं. त्या म्हणाल्या, "माफी माह्यापाशी नाई. थे त्याचं होतं. तो गेला." आणि सूप उचलून आत गेल्या.

पाच-सहा महिने त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नळावर मी दिसलो की बादली घेऊन मागं जायच्या. पण कुणाला सांगितलंही नाही. बायकोनं विचारलं, काय झालं वो तुमचं? मी म्हटलं, काही नाही.

आणि मग एका रविवारी दारात उभ्या. म्हणाल्या, "चाला."

"कुठं?"

"विहारात. मी बायांले बाविसावं कलम शिकवून राहिली. मले पयले दोन भाग येतात. पोरी अर्धंच शिकून राहिल्या, माह्यासारख्या. तिसरं तुमी वाचा. भोक कुठं हाये थे दाखवा त्याईले. तुमच्याइतकं कोनाले माहीत नाई."

असा मी तुमचा गुरुजी झालो. चार वर्षं. दर रविवारी. कलम वाचायचो, मग साध्या भाषेत सांगायचो. आणीबाणी उठल्यावर घटनेत दुरुस्ती झाली होती. जगण्याचा हक्क, एकविसावं कलम, आता आणीबाणीतही बंद ठेवता येत नाही. हे मी वर्गात सांगितलं त्या दिवशी त्यांना केवढा आनंद झाला! लगेच विचारलं, "अन् बाविसातलं तिसरं? थे काढलं का?" मी म्हटलं, "नाही. ते आहे अजून." त्या म्हणाल्या, "मंग वाचत राहा."

पहिल्या रविवारी जाता जाता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. म्हणाल्या, "मी कोनाले सांगनार नाई. तुमचं तुमी सांगा. एकट्या मले नाई, सगळ्याइपुढं. जवा जमन तवा."

मी म्हटलं होतं, नोकरी आहे अजून. रिटायर झालो की सांगतो.

वर्ग संपला की त्या पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघायच्या. नुसत्या बघायच्या. तुम्हाला वाटायचं, बाई गुरुजींकडे किती आदरानं बघते. मी वही मिटायचो आणि म्हणायचो, पुढच्या रविवारी पुढचं कलम. मागच्या दिवाळीआधी मी रिटायर झालो. पेन्शन सुरू झाली. कुणी माझं काही वाकडं करू शकत नव्हतं. त्यानंतर इतके रविवार गेले. मी वही मिटत राहिलो.

मागच्या रविवारी त्या वर्गाला आल्या नाहीत. खोकला वाढला होता. वर्ग आटोपून मी घरी बघायला गेलो. कुंदाताई आत चहा ठेवत होत्या. बाई खाटेवर पडल्या होत्या, आवाज अगदी बसलेला. मला जवळ बोलावलं.

"वाचलं का आज?"

"वाचलं."

"तिसरं बी?"

"तिसरं बी."

"अन् तुमचं?"

एवढ्यात कुंदाताई चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायलो आणि घरी आलो. बुधवारी त्या गेल्या.

तर, हे माझं.

ऐकायला त्या नाहीत. चार वर्षं त्यांनी वाट बघितली आणि मी चार दिवसांनी चुकलो, असं म्हणावं तर तेही खोटंच आहे. चार दिवसांनी नाही. त्या मागच्या रविवारीही मी बोललो नसतो. मला माझं माहीत आहे. त्या गेल्या, आणि काल कुंदाताई म्हणाल्या, आईला तुम्ही जवळचे होते, तेव्हा मला कळलं की आता हे खोटं मी कुंदाताईंच्याही गळ्यात घालणार आहे. म्हणून बोललो.

कुंदाताई, तुम्ही मला काका म्हणता. यापुढं म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आज ठरवलं नाही तरी चालेल. तुमच्या आईनं तुम्हाला हे सांगितलं नाही, त्यात तुमच्यापासून काही लपवायचं नव्हतं. हे ओझं ज्याचं आहे त्यानंच उतरवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यावर राग धरू नका.

भिवापूरच्या बायांनो, तुम्हाला पुष्कळांना वाटत असेल की लहानूजींना दिल्लीनं आत टाकलं. दिल्लीनं दार बंद केलं, ते खरं. पण नाव कागदावर दिल्लीनं लिहिलं नाही. मी लिहिलं. घटना लिहिणाऱ्यांनी एका माणसाच्या हाती सगळं जाऊ नये म्हणून किती विचार केला, किती कप्पे केले. त्यातल्या एका कप्प्यात मी बसलो होतो. लहान होता, पण कप्पा होता. तिथं बसून मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, रिपोर्ट आल्याशिवाय नाव टाकता येणार नाही. नाही तर त्या बाईला एक तारीख सांगायची होती. मी दोन्हींतलं एकही केलं नाही.

पुढच्या रविवारी वर्ग कोण घेणार, हे मला माहीत नाही. मला येऊ द्यायचं की नाही ते वर्गातल्या बायांनी ठरवावं. मी आलो नाही तरी तिसरा भाग वाचायचं सोडू नका. एवढी त्यांची आज्ञा समजा.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नये. भंतेजी खूण करतील. म्हाताऱ्या बायांना उठवत नसेल तर त्यांनी बसूनच राहावं.

मौन संपलं की लगेच घराकडे निघू नका. ज्याला मला काही विचारायचं असेल, रागानं विचारायचं असेल तरी, त्यानं विचारावं. मी इथं दाराशी उभा राहतो. शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबतो. जे माहीत आहे ते सगळं सांगतो.

अनसूयाबाई, लहानूजी, तुम्हा दोघांना माझा नमस्कार.

उभं राहू या.